न फोडलेलं बोर

भोपाळात शाहपुऱ्याच्या तलावाशी आज यंदाची पहिली बोरांची गाडी दिसली आणि मी भाजीच्या पिशव्या सांभाळत तिच्यापाशी थांबले. गाडीवाल्यानं नेहमीसारखी मोठी बोरं पुढे मांडली होती, बारकी मागे ढकलली होती आणि सगळ्यांवर पाणी मारून त्यांना चकचकीत केलं होतं. "चख लो बहनजी, शक्कर है शक्कर," म्हणत त्यानं एक बोर माझ्या हातावर ठेवलं. मी ते नखानं फोडलं, दोन्ही तुकडे उजेडात धरले, आठळीभोवती कुठे काळपट दिसतंय का ते बघितलं आणि मग खाल्लं. गाडीवाल्याचा चेहरा जरा पडला. त्याला काय सांगू, की आमच्या घरात बोर असंच खातात. लहानपणी ज्यानं बेसावधपणे बोर चावलं आणि उरलेल्या अर्ध्यात वळवळणारी पांढरी अळी पाहिली, तो जन्मभर फोडूनच खातो. आमच्या सासूबाई तर दुसऱ्याच्या हातातलं बोरसुद्धा काढून घेऊन फोडतात.

बोर तसं गोडच होतं. पण जिभेवर आलं ते भलतंच काही, पिपलानीतला एक हिवाळा. माझा मुलगा ओजस वर्षाचाही नव्हता तेव्हाचा. आज तो दहावीला आहे, नाकाखाली मिसरूड आहे आणि मी काही आठवायला लागले की "आई, प्लीज" म्हणून खोलीत निघून जातो.

भोपाळच्याच पिपलानीत आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शिरीष, म्हणजे माझा नवरा, तिथे नोकरीला होता. सकाळी पाळी बदलली की स्कूटरींची रांगच्या रांग आमच्या गॅलरीखालून जायची आणि मग सगळीकडे कसं शांत शांत व्हायचं. त्या शांततेत जानेवारीचं ऊन गॅलरीत यायचं. भोपाळच्या हिवाळ्यातलं ते ऊन मला अजून कुठे मिळालेलं नाही. आम्ही बायका मटार सोलायला बसायचो आणि सोलता सोलता निम्मे खाऊन टाकायचो. कुणाच्या घरी तीळ भाजले जायचे, कुणाच्या अंगणात पेरू उतरवले जायचे. दुपारी "बेर ले लो, बेर" अशी हाक आली की सासूबाई सुपं घेऊन जिना उतरायच्या. मग तिखटमीठ, मग ते फोडणं, मग "हे किडकं, हे किडकं, हे बरं आहे, घे". बोरं खाण्यापेक्षा टाकण्याचा कार्यक्रमच मोठा असायचा.

आमच्या घरात मी, शिरीष, सासूबाई आणि माझी नणंद माधुरीताई. सासरची मंडळी मूळची नागपूरची. सासरे सरकारी नोकरीत होते, राज्याची राजधानी हलली तेव्हा कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. मी ग्वाल्हेरची. माझी मराठी ऐकून सासूबाई म्हणायच्या, "हिची मराठी म्हणजे हिंदीला साडी नेसवली." आणि स्वतः दिवसभर "काय करून राहिली, कुठं जाऊन राहिली" सुरू. मी कधी उलट बोलले नाही, पण मनातल्या मनात चिक्कार हसून घेतलं.

माधुरीताई गावाबाहेरच्या फळसंशोधनाच्या शेतावर काम करायची. लग्न केलं नव्हतं. का, ते कधी तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासूबाईंना मात्र ते सलायचं. "एवढी शिकली, अन् काट्यात फिरून राहिली," हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं. काटे खरेच होते. ताईच्या हातांवर बाराही महिने ओरखडे असायचे, कारण तिचं सगळं काम बोराच्या झाडांवर होतं.

ते काम मला कळलं भोपाळबाहेरच्या मंडीदीपला. एकदा ती म्हणाली, "नीलू, चल, तुला एक नातेवाईक दाखवते." मला वाटलं कुणाकडे चहाला जायचंय, म्हणून मी बरी साडी नेसले. तिच्या स्कूटरवर मागे बसून गेलो, तर कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या माळावर एका काटेरी झुडपापुढे तिनं स्कूटर थांबवली. आमच्या कमरेएवढं झुडूप. फांद्यांना वाटाण्याएवढी लालचुटूक रानबोरं लगडलेली. इथले लोक झडबेरी म्हणतात. ताईनं मूठभर तोडली आणि एकेक फोडून माझ्या तळहातावर ठेवत गेली.

"बघ. अळी दिसते?"

एकातही नव्हती.

"हिच्यावर कधी कुणी औषध मारलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. हिचं हिनंच बघितलं. आपण मात्र बाजारातल्या बोराला लाडावून ठेवलं. मोठं हो, गोड हो, साल पातळ कर. ते बिचारं झालं तसं. आता माशी येते, कोवळ्या फळात अंडी घालते आणि आत अळी आरामात खात बसते. माशीला नको म्हणायची ताकद ते विसरून गेलंय. हिच्यात ती अजून आहे."

मी एक रानबोर तोंडात टाकलं आणि माझं तोंड असं वाकडं झालं की ताई माळावर उभी राहून पोट धरून हसली. आंबट, तुरट, गर जेमतेम. "आता हिची त्या गोड बोराशी सोयरीक करायची," ती म्हणाली. "ताकद हिची घ्यायची आणि गोडी त्याची." तेवढ्यात जवळच्या फाटकावरचा चौकीदार आला आणि दोन बायका काट्यात काय करताहेत ते बघायला लागला. "मैडम, इसमें क्या रखा है? ये तो कल-परसों साफ होने वाली है, दीवार उठेगी." ताईनं त्याच दिवशी त्या झुडपाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून शेतावर नेल्या आणि तिथे खुंटांवर त्यांचे डोळे बांधले, म्हणजे कलमं केली. माझ्या बऱ्या साडीचा पदर काट्यात फाटला तो फाटलाच. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं.

मग सुरू झाली आमच्या घरातली बोरं चाखायची वर्षं. बोराचं फूल कसलं, मोहरीपेक्षा थोडं मोठं. नवरात्राच्या सुमाराला झाड फुललं की ताई डोळ्याला भिंग लावून, बारीक चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर काढायची, दुसऱ्याचा पराग ब्रशनं लावायची आणि वर छोटी पिशवी बांधायची. त्यातली कितीतरी फुलं गळून जायची. जी धरायची त्यांच्या आठळ्यांपासून रोपं. रोपाचं पान प्रयोगशाळेत जायचं, तिथे रानबोराची खूण त्यात उतरलीय का ते बघायचे आणि ज्यांच्यात उतरली तेवढीच रोपं पुढे जायची. पहिल्या पिढीची बोरं घरी आली तेव्हा शिरीष एक खाऊन म्हणाला, "ताई, माशीला ही आवडत नाहीत यात नवल काय?" मग त्या पिढीची पुन्हा गोड बोराशी सोयरीक. त्यापुढची पिढी जरा गोड निघाली, पण तिच्यात अळी सापडली. पुन्हा वेगळं रोप, पुन्हा गोडाशी गाठ. अशी वर्षं जात राहिली. घरात दोघींची वाट बघणं चालू होतं. ताई झाडाची वाट बघत होती आणि मी ओजसची. सासूबाई दोन्ही गोष्टी देवापुढे सांगायच्या, पण झाडाचं जरा हळू आवाजात.

मी तशी अधीर बाई. दूध उतू जायच्या आधी मला दहा वेळा वाटून जातं की आता हे तापतच नाही. ताईकडे बघून मी वाट बघायला शिकले म्हटलं तर शिरीष हसेल, पण थोडं शिकले. ती कधी चिडायची नाही. एखादं रोप वाया गेलं की त्याची फांदी तोडून आणायची, सासूबाई त्या लाकडानं बंब पेटवायच्या आणि आम्ही गरम पाण्यानं आंघोळी करायचो. "माधुरीच्या पीएचडीचं पाणी," शिरीष म्हणायचा.

आणि मग तो हिवाळा आला, ओजसच्या पहिल्या संक्रांतीचा. त्याच हिवाळ्यात ताईचं झाड राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

शेतावर नवे मोठे साहेब आले होते. बोराच्या तुकड्यावर त्यांना दुसरं काही लावायचं होतं. ते वाईट गृहस्थ नव्हते, आणि त्यांचंही खरं होतं. इतकी वर्षं जागा अडली होती आणि दाखवायला काय, तर आंबट बोरं. त्यांनी ताईला सांगितलं की या मोसमात फळ गोड आणि बिनकिडीचं दाखवलंत तर ठीक, नाहीतर तुकडा मोकळा करा. तेव्हा ताईकडे एकच झाड होतं ज्यावर तिचा जीव होता. त्याला पहिल्यांदाच भरून फळ आलं होतं, लांबट, टोकदार, तांबूस बोरं. सोमवारी सकाळी साहेब सगळ्यांसमोर ती फोडून बघणार होते.

शेतावर पोपटांचा धुमाकूळ. म्हणून शनिवारी संध्याकाळी ताईनं पिकलेली सगळी बोरं उतरवली. ऑफिसात ठेवावीत तर तिथले लोक येता-जाता तोंडात टाकणार. म्हणून पांढऱ्या कापडी पिशवीत भरून तिनं ती घरी आणली, गॅलरीत खुंटीला अडकवली आणि दमून झोपून गेली. रविवारी पुन्हा सकाळीच शेतावर गेली. आणि रविवारी संध्याकाळी ओजसचं बोरन्हाण होतं.

बोरन्हाण म्हणजे आमच्याकडे पोराच्या पहिल्या संक्रांतीला त्याला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं आणि औक्षण करून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, शेंगा, गोळ्या ओतायच्या. आजूबाजूची पोरं त्यावर तुटून पडतात. त्या गडबडीत मूल रडतं, हसतं, नाहीतर एक चुरमुरा उचलून शांतपणे चघळत बसतं. ओजसनं तिन्ही गोष्टी केल्या.

दुपारी सासूबाई बाजारातली बोरं फोडून बघत होत्या आणि त्यांचा पारा चढत चालला होता. मूठ उघडावी तर किडकं. "नातवाच्या डोक्यावर अळ्या टाकू का मी?" असं म्हणत त्या उठल्या आणि गॅलरीत गेल्या. तिथे ती पिशवी. सासूबाईंच्या मनात शंकाच आली नाही. भाच्याच्या बोरन्हाणाला आत्या बोरं आणतेच, त्यात विचारायचं काय? उलट त्यांना लेकीचं कौतुक वाटलं. मी आत ओजसला झबल्यात कोंबत होते. त्याचा एक हात बाहीत घातला की दुसरा बाहेर यायचा. मला बाहेरचं काही कळलं नाही.

सगळं झाल्यावर ताई आली. पोरांचा गलका चालू होता, जमिनीवर चुरमुऱ्यांचा सडा, मध्ये ओजस डोक्यावर हलव्याचा मुकुट तिरपा करून बसलेला. ताईनं त्याचा पापा घेतला, तिळगूळ खाल्ला, हात धुवायला गॅलरीत गेली आणि परत आली ती हळूहळू चालत.

"आई, खुंटीवरची बोरं कुठे आहेत?"

"ओजसच्या डोक्यावरून ओतली न. तू आणलेली."

ताई मटकन खुर्चीवर बसली. मला क्षणात सगळं समजलं. सासूबाई तिच्याकडे, माझ्याकडे बघत राहिल्या. मी सांगितलं तेव्हा त्यांचा हात तोंडावर गेला.

आणि माधुरीताईनं काय करावं? ती जमिनीकडे बघत होती. मग हळूच उठली, खाली वाकली आणि चुरमुऱ्यांतून बोरं वेचायला लागली. बाजारातली मोठी, पिवळी बोरं जिथे पडली तिथेच होती. पोरांनी चावून टाकलेली, अर्धी खाल्लेली, पायाखाली आलेली. तिचं तांबूस, टोकदार बोर मात्र एकही उरलं नव्हतं. ताई गुडघ्यांवर बसून माझ्याकडे बघायला लागली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू कसं पसरत गेलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

"नीलू, एकही ठेवलं नाही गं पोरांनी."

मग सुरू झाला आठळ्या गोळा करायचा सोहळा. ताईला त्या हव्याच होत्या, पुढच्या पिढीसाठी. ती पोरांपुढे वाटी घेऊन उभी राहिली, "थूको इसमें, सब थूको." पोरांना असं थुंकायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा आनंद गगनात मावेना. जी पोरं घरी गेली होती त्यांच्या क्वार्टरची दारं आम्ही दोघींनी वाजवली. ओजस माझ्या कडेवर, अंगावर अजून हलव्याचे दागिने. एका मुलीनं आठळी गिळली होती. तिनं डोळे मोठे करून विचारलं, "आंटी, मेरे पेट में पेड़ उगेगा?" ताई म्हणाली, "उगे तो हमारे साहब को मत बताना, जगह खाली करवा लेंगे." त्या मुलीची आई हसून हसून दाराला टेकली.

"अळी होती का रे कशात?" असं ताई प्रत्येकाला विचारत होती. नव्हती, नव्हती, नव्हती. पण घरी आल्यावर ती म्हणाली, "हा काही पुरावा नाही. पुरावा पोटात गेला. वर शेंड्याला चार-दोन अर्धीकच्ची फळं आहेत, ती दाखवीन. पण गोडीचं काय? कच्च्या फळात गोडी कुठून येणार?"

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मी फोडून पाहिली होती न मूठभर. ओतायच्या आधी."

"एखादं तरी किडकं होतं?"

"असतं तर नातवाच्या डोक्यावर टाकली असती का मी?"

सोमवारी सकाळी सासूबाई शाल पांघरून तयार. "माझ्यामुळं झालं. मी येते." ताई नको म्हणाली, शिरीष नको म्हणाला, पण त्या रिक्षात जाऊन बसल्याही. मग मीही ओजसला घेऊन बसले. साहेब झाडाखाली उभे होते, बरोबर आणखी लोक. सासूबाई सरळ त्यांच्यापुढे गेल्या.

"साहब, गलती मेरी है. बेर मैंने डाल दिए. पोते के सिर पे."

"सिर पे?" साहेबांनी ताईकडे बघितलं. "सिर पे क्यों?"

मग सासूबाईंनी त्यांच्या नागपुरी हिंदीत बोरन्हाण समजावून सांगितलं, पाटापासून हलव्याच्या मुकुटापर्यंत. साहेब ऐकत राहिले. पोरांनी बाजारातली बोरं टाकून ही कशी संपवली तेही सांगितलं. ताईनं आठळ्यांची वाटी पुढे केली. साहेबांनी वाटीत बघितलं आणि विचारलं, "बच्चों ने छोड़ा नहीं एक भी?"

"एक भी नहीं," सासूबाई म्हणाल्या. "और मैंने फोड़ के देखे थे. मैं बिना फोड़े किसी को खाने नहीं देती. मेरी बेटी को पूछो."

माणूस चढवून शेंड्याची अर्धीकच्ची बोरं काढली. अळी असती तर एव्हाना दिसलीच असती. साहेबांनी स्वतः चाकूनं कापली. स्वच्छ. शेजारच्या, बाजारी जातीच्या झाडाची कापली, तर त्यात अळ्या. साहेबांनी चाकू पुसला, ओजसच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाले, "एक सीज़न और ले लीजिए मैडम. अगले साल फल हमें भी खिलाइएगा."

परतताना ताई रिक्षात रडली. मी तिला रडताना तेव्हाच पाहिलं. सासूबाई एका हातानं तिची पाठ चोळत होत्या आणि दुसऱ्या हातानं ओजसचं टोपरं सारखं करत होत्या. आम्ही सगळे फार खूश होतो. बाहेर ऊन पडलं होतं, रस्त्याच्या कडेला ऊस विकायला लावला होता. शिरीषला सांगताना तोंड गोड करायला म्हणून आम्ही वाटेत जिलेबी घेतली आणि घरी पोहोचेपर्यंत संपवली.

एका मोसमानं जात तयार होत नाही, हे मला पुढे कळलं. त्या झाडाचे डोळे ठिकठिकाणी बांधले, पुन्हा वर्षानुवर्षं फळं कापली, पुन्हा कागद. कागदावर त्याला एक लांबलचक नंबर आहे. घरात आम्ही ते "ओजसचं बोर" म्हणतो आणि ओजसला ते अजिबात आवडत नाही. आता मंडीदीपच्या बाजूला काही शेतांच्या बांधांवर ही झाडं उभी आहेत. ज्या माळावर ते झुडूप होतं तिथे भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे काय आहे ते मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र बदलली नव्हती. ताई दर हिवाळ्यात तिच्या झाडाची बोरं आणायची आणि सासूबाई तीही फोडूनच खायच्या. नख लावायचं, दोन्ही तुकडे उजेडात धरायचे, मग तोंडात. सासूबाई उजेडात बघायला लागल्या की ताई तिथून उठून स्वयंपाकघरात जायची, काहीतरी काम काढून.

आज मी गाडीवरून बोरं घेतली नाहीत, कारण घरी ताई येणार होती. ती आता निवृत्त आहे, तरी बांधावरच्या झाडांना भेटून येते. मी पोहोचले तेव्हा ती आलीच होती. दिवाणावर सासूबाई बसल्या होत्या, पुढे बोरांची पिशवी. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वरणातला बारीक खडासुद्धा दिसतो. ओजस पलीकडे प्रिलिमचा अभ्यास करत होता. पुस्तकातून मान न काढता त्यानं हात पुढे केला, "आजी, एक दे."

सासूबाईंनी पिशवीत हात घातला, एक तांबूस, टोकदार बोर काढलं आणि तसंच, अख्खं, त्याच्या हातावर ठेवलं.

मी दारातच थांबले. "आई, फोडलं नाही?"

"माधुरीचं आहे न," त्या म्हणाल्या. "त्यात काय पाहायचं?"

ताई या वेळी उठली नाही. ओजसनं बोर तोंडात टाकलं, आठळी एका गालात सरकवली आणि पान उलटून पुढे वाचायला लागला.